गुडघ्याच्या वरचा परवाना

माझी काकू लोकांच्या पाठी रगडते. कुणी विचारलं की ती असंच सांगते. तिच्या प्रमाणपत्रावर ‘मसाज थेरपिस्ट’ असं छापलंय, पण त्यात पाठ कुठे आली, असा तिचा सवाल असतो.

आधी ती इस्पितळात मदतनीस होती. पडून पडून आखडलेल्या पेशंटना कुशीवर वळवता वळवता तिच्या लक्षात आलं, की आपण जिथे हात ठेवतो तिथलं दुखणं जरा कमी बोंबलतं. तिथल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला रीतसर शिकायला पाठवलं. वर्गात बाकीच्या सगळ्या तिच्या मुलापेक्षाही लहान पोरी. काकू परीक्षेत पहिली आली, आणि येताना साऱ्या वर्गाच्या माना मोकळ्या करून आली.

मग नोकरी सोडून ती घरोघर जाऊ लागली. खांद्याला पिशवी आणि काखेत घडीचं टेबल. त्या टेबलाला ती घोडा म्हणायची. ज्यांच्या पाठी दुखतात ते सगळे नेमके वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या लिफ्ट नेमक्या बंद असतात. शेवटी तिचा स्वतःचाच गुडघा सुजला. एका संध्याकाळी घोडा दारात आपटून ती खुर्चीत बसली आणि काकांना म्हणाली, “अहो, घोड्यावर लोक झोपतात आणि घोडा माझ्यावर बसतो. आता ज्याची पाठ त्याने माझ्याकडे आणावी.”

काका रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती आणि छतं रंगवली. बोलणं कमी, पण कामाला लागले की मागे वळून बघणार नाहीत. त्यांनी बाजाराच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाशेजारी दोन खोल्यांचा गाळा शोधला, भिंतींना फिकट हिरवा रंग दिला आणि दारावर सुरेख वळणदार अक्षरांत फलक रंगवला, ‘आराम’. शेजारच्या किल्लीवाल्याने शेजारधर्म म्हणून आतल्या खोलीला एक भक्कम पितळी कडी बसवून दिली. “वहिनी, हत्ती आला तरी बाहेरच राहील,” तो म्हणाला.

हत्ती आला नाही. नगरपालिकेचा माणूस आला.

“परवाना दाखवा,” तो म्हणाला.

“पाठ चोळायला परवाना?”

“दोन. जागेचा एक आणि तुमचा एक. तोवर इथे कुणाला हात लावायचा नाही.”

त्याचं असं झालं होतं, की मध्यंतरी आमच्या गावात मसाजचे फलक भराभर लागले होते आणि पडद्यामागे भलतेच उद्योग चालत होते. ओरड झाली, धाडी पडल्या. मग नगरपालिकेला जाग आली आणि तिने अशी काही नियमावली लिहून काढली, की ते उद्योग करणारे तर पळून गेलेच, पण ज्यांना खरोखर पाठ रगडायची होती तेही घाबरून दुसऱ्या धंद्याला लागले. काकू एवढंच म्हणाली, “धंदा त्यांनी केला आणि झडती माझी.” आणि सगळे कागद पिशवीत घालून निघाली. गुडघ्यामुळे तिला सोबत हवी होती, म्हणून मी गेले.

परवाना विभागाच्या खिडकीत एक बाई बसायच्या. चेहऱ्यावर असा भाव, की समोरचा माणूस चुकीच्या खिडकीशी आलाय हे त्यांना आधीच माहीत आहे. त्या मान वर न करता बोलायच्या.

“फलकावर नाव काय?”

“आराम.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आराम चालणार नाही.”

“का हो?”

“संदिग्ध आहे. सुख, आनंद, आराम, तृप्ती, स्वर्ग, हे शब्द लावता येत नाहीत. यादीच आहे.”

“मग काय लिहू? कष्ट?”

“शरीराच्या भागांची नावं चालतील. चित्र नको.”

काकूने बोटांवर मोजत सांगितलं, “पाठ, मान, खांदे, पाय.”

“पाय नाही. पायाचा परवाना वरच्या मजल्यावर.”

“पाय वरच्या मजल्यावर?”

“गुडघ्याखालचा भाग आरोग्य विभागाकडे येतो. वरचा आमच्याकडे.”

“आणि गुडघा?” काकूने स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. “गुडघ्याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे,” त्या गंभीरपणे म्हणाल्या.

पुढचा प्रश्न त्यांनी जरा हळू आवाजात वाचला. “अनैतिक व्यवसायाबद्दल यापूर्वी कधी अटक?”

“संसार आणि नोकरी सांभाळून वेळच मिळाला नाही हो,” काकू म्हणाली.

बाईंनी ‘नाही’ असं लिहिलं.

मग चारित्र्याचा दाखला हवा होता, तोही शेजाऱ्याच्या हातचा. किल्लीवाला आनंदाने लिहायला बसला. त्याने लिहिलं, ‘या बाईंच्या दुकानात मी अपरात्री कधीही गेलेलो नाही.’ काकूने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. “भाऊजी, अपरात्रीचा विषय काढला कोणी?” किल्लीवाला ओशाळला. त्याने दुसरा कागद घेतला आणि खूप विचार करून लिहिलं, ‘मी पुष्कळ लक्ष ठेवलं, पण मला संशयास्पद काहीच सापडलं नाही.’ शेवटी काकूने स्वतःच मजकूर सांगितला आणि त्याने तो शाळेतल्या शुद्धलेखनासारखा मान तिरकी करून उतरवला.

इकडे काकांनी मुकाट्याने ‘आराम’ पुसून ‘पाठ मान खांदे’ असं रंगवलं. अक्षरं तितकीच सुरेख होती, पण लांबून बघितलं तर मटणाचं दुकान वाटायचं. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने आत डोकावून विचारलंसुद्धा, “मांडी मिळेल का?” “मांडी मिळेल,” काकू म्हणाली, “गुडघ्याच्या अलीकडपर्यंत. पण परवाना आल्यावर.” तो बिचारा घाईघाईने निघून गेला.

जागेची तपासणी करायला एक साहेब आले. तरुण, किडकिडीत, हातात मोजपट्टी. आत शिरताच त्यांची नजर पितळी कडीवर गेली.

“आतल्या दाराला कडी नको. आणि दाराला काच हवी, बाहेरून दिसेल अशी.”

“साहेब, आत माणूस उघड्या पाठीने पडलेला असणार. रस्त्यावरून दिसायला ती काय मिठाई आहे?”

“नियमात काच आहे. पारदर्शक किती असावी ते लिहिलेलं नाही,” साहेब हळूच म्हणाले. त्यावर काकांनी मान डोलावली. रंगाऱ्याला काच धूसर करायला कितीसा वेळ लागतो!

कडी काढायला किल्लीवाल्यालाच बोलवावं लागलं. त्याने एकेक स्क्रू असा काढला, जणू स्वतःचाच दात उपटतोय. “मी आख्खं आयुष्य लोकांना सांगत आलो, की कडी लावून घ्या,” तो साहेबांना म्हणाला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

उजेडाचाही नियम होता. खोलीत बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे. साहेबांनी खिशातून नियमावली काढली, घोड्याशेजारी उभं राहून एक परिच्छेद मोठ्याने वाचला आणि समाधानाने खूण केली. नंतर म्हणाले, “आता शेवटचं. व्यवसायाच्या जागेत कुणीही झोपता कामा नये.”

काकू म्हणाली, “साहेब, खरं सांगते. माझ्या हाताखाली आलेला माणूस झोपतोच. झोपला नाही, तर माझंच काहीतरी चुकलं असं मी धरते.”

साहेब प्रामाणिक होते. ते खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिले. “डोळे मिटायला हरकत नाही,” शेवटी ते म्हणाले. “घोरणं टाळा.”

जागा पास झाली. आता राहिला काकूचा स्वतःचा परवाना, आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा. काकू निर्धास्त होती. गल्लीच्या टोकाला कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई होती. तिचा खांदा असा काही भरून आला होता, की परीक्षेला पडायला ती एका पायावर तयार होती. आम्ही तिला घेऊन खिडकीशी गेलो.

“ही कोण?” बाईंनी विचारलं.

“हिच्या खांद्यावर परीक्षा देणार.”

“नाही देता येणार. परवान्याशिवाय परक्या माणसाला मसाज करणं गुन्हा आहे.”

“पण परीक्षा झाल्याशिवाय तुम्ही परवाना देणार नाही ना?”

“नाही.”

“आणि परवान्याशिवाय परीक्षा देता येणार नाही.”

“असं कसं? देता येते,” बाई शांतपणे म्हणाल्या. “घरच्या माणसाला परवाना लागत नाही. नवरा, आईवडील, मूल. यांतलं कुणीही आणा.”

मी पुढे झाले, पण पुतणी यादीत बसत नव्हती. काकूचे आईवडील राहिले नव्हते आणि मुलगा परदेशात. काकूने सावकाश मान वळवली. व्हरांड्यात काका उभे होते आणि सरकारी भिंतीचे पोपडे बघून ‘च् च्’ करत होते.

आता इथे काकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. काकांना गुदगुल्या होतात. त्या सगळ्यांना होतात, पण काकांचा प्रकार वेगळा आहे. एकदा शिंप्याने त्यांच्या छातीला टेप लावला, तेव्हा ते इतके हसले की शिंपी रागावला, आणि तेव्हापासून ते तयार शर्ट घालतात. डॉक्टरने नळी लावली की ते ओठ चावून छताकडे बघतात आणि डॉक्टरला ठोके दुप्पट ऐकू येतात. साऱ्या गावाच्या पाठी रगडणाऱ्या काकूने स्वतःच्या नवऱ्याच्या पाठीला वर्षानुवर्षं बोट लावलेलं नव्हतं. सुरुवातीला एकदोनदा तिने प्रयत्न केला होता. काका हसत हसत पलंगाखाली पडले आणि तो विषय संपला.

घरी आल्यावर काकू म्हणाली, “जाऊ दे झालं. घोडा घेऊन फिरेन पुन्हा.”

काका त्या वेळी ब्रश धूत होते. त्यांनी ब्रश झटकला, तिच्या गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “मी पडतो.”

“तुम्ही? हसून मराल.”

“पाढे म्हणेन. शाळेत पाढे म्हणताना मला एकदाही हसू आलं नव्हतं.”

परीक्षा नगरपालिकेच्या बैठकीच्या खोलीत होती. घोडा उघडून मधे ठेवला होता. परीक्षक दोघं. एक तेच किडकिडीत साहेब, आणि दुसऱ्या म्हणजे नगरपालिकेच्या डॉक्टरबाई, करड्या केसांच्या, हसू आलं तरी न हसणाऱ्या. काका शर्ट काढून पालथे पडले आणि त्यांनी घोड्याच्या कडा अशा घट्ट धरल्या, जणू आता तो उधळणार आहे.

काकूने हातावर तेल घेतलं, हात एकमेकांवर घासून गरम केले आणि त्यांच्या पाठीवर ठेवले.

काकांच्या अंगातून एक लहर गेली. घोडा करकरला. टेबलाच्या भोकातून, जिथे चेहरा ठेवतात तिथून, आवाज आला, “सतरा एके सतरा!”

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“चालू द्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक, हीहीही, एक्कावन्न! सतरा चोक बहात्तर!”

“अडुसष्ट,” साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

“अडुसष्ट! आभारी आहे!”

काकूचे हात कंबरेपासून वर सरकत होते. बरगड्यांपाशी काकांनी सतराचा पाढा सोडून एकदम एकोणतीसचा धरला. त्यात ते फार अडखळत होते, आणि बहुधा म्हणूनच हसू जरा आवाक्यात होतं. साहेब कागदावर काहीतरी नोंदत होते. काकूच्या कपाळावर घाम आला होता. मी भिंतीशी उभी राहून ओढणीचं टोक तोंडात कोंबून, हसू दाबत होते. मग तिचा हात उजव्या खांद्याच्या मागे गेला, आणि पाढा थांबला.



“तिथंच,” काका खालून म्हणाले. आवाजात हसू नव्हतं. “तिथंच आहे ते.”

काकूने अंगठा दाबला. “अगं बाई! ही केवढी गाठ! कधीपासून आहे ही?”

“नाट्यगृहाचं छत रंगवलं ना, तेव्हापासून.”

“तेव्हा आपला पोरगा शाळेत होता!”

“हो.”

“आणि इतकी वर्षं हात वर कसा करत होतात?”

“डाव्या हाताने उचलून धरायचो उजवा.”

काकूचे हात थांबले. “मला सांगायला काय झालं होतं?”

काका भोकातूनच म्हणाले, “तू दिवसभर लोकांच्या पाठी रगडून यायचीस. घरी आल्यावर आणखी एक पाठ कशाला पुढे करायची?”

काकूचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ही रडणार. पण ती भडकली. “ऐकलंत, डॉक्टरबाई? अख्ख्या गावाच्या पाठी मला तोंडपाठ, आणि हा माणूस माझ्या शेजारी गाठ घेऊन झोपतो! मी कूस बदलायला सांगायची आणि हे ‘हूं’ म्हणून तसेच पडायचे! मला वाटायचं, आळशी आहेत!” असं म्हणत ती त्या खांद्याला अशी भिडली, की काकांना गुदगुल्या व्हायला सवडच मिळाली नाही. ते एकदा “आई गं” म्हणाले, एकदा “बरोबर” म्हणाले, आणि मग नुसते लांब श्वास सोडत राहिले.

“वेळ संपली,” साहेब म्हणाले.

“तुमची संपली असेल,” काकू म्हणाली. तिने वरदेखील बघितलं नाही.

दोघं परीक्षक मुकाट्याने बसून राहिले. काम मनासारखं झाल्यावर तिने काकांच्या पाठीवर टॉवेल टाकला आणि पदार्थ झाकावा तसा चारी बाजूंनी नीट दाबला. काका उठून बसले. त्यांनी उजवा हात वर केला, तो कानापर्यंत गेला, तेव्हा ते हाताकडे असे बघत राहिले, जणू तो कुणी दुसऱ्याचा आहे.

साहेबांना एक अडचण होती. “बाई, इथे एक रकाना आहे,” ते डॉक्टरबाईंना म्हणाले. “‘व्यक्ती पूर्ण वेळ शांत होती का.’ ते तर हसत होते, मग पाढे म्हणत होते, मग भांडण झालं.”

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडून पेन घेतलं. “लिहा, की अस्वस्थता मसाजमुळे नव्हती, संसारामुळे होती,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच सही ठोकली.

परवाना आला. काकूचं दुकान सुरू झालं आणि बघता बघता गर्दी होऊ लागली. लोक लख्ख उजेडात, कडी नसलेल्या दारामागे, धूसर काचेआड पडतात आणि डोळे मिटतात. कुणी घोरायला लागलाच, तर काकू त्याची मान जरा तिरकी करते, की आवाज बंद.

पुढे काम एकटीला झेपेना, म्हणून तिने इस्पितळातल्या तिच्या जुन्या सोबतिणीला शिकवून तयार केलं. ही बाई विधवा, मूलबाळ नाही, आईवडील केव्हाच गेलेले. तिच्या परवान्यासाठी दोघी खिडकीशी गेल्या, तेव्हाही मी बरोबर होते.

“नवरा, आईवडील किंवा मूल,” खिडकीतल्या बाईंनी वाचलं.

“यांतलं काहीच नाही,” ती म्हणाली.

“मग परीक्षा घेता येणार नाही.”

काकूने खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपर टेकले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ती अगदी हळू बोलली. “बाई, नियम तुम्ही केलेला नाही, मला ठाऊक आहे. पण जिला कुणीच नाही, तिनेच तर पोटापाण्याला काहीतरी शिकायचं ना? आता हिने परीक्षेसाठी लग्न करावं का?”

बाईंनी नियमावली उघडली. पुढून वाचली, मागून वाचली. आमच्यामागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“‘परीक्षेच्या सोयीसाठी विभाग आवश्यक ती साधने पुरवील,’” त्यांनी वाचलं. “साधन म्हणजे काय, ते कुठे सांगितलेलं नाही.”

“म्हणजे?”

बाईंनी इकडेतिकडे बघितलं, चष्मा काढून खणात ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांना उभं राहिलेलं मी प्रथमच बघत होते. त्या बऱ्याच उंच होत्या, आणि उठताना त्यांनी दोन्ही हातांनी कंबर धरली होती.

“मी विभागाची आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरबाई आज वर आहेत. चला पटकन.”

बाई आणि ती सोबतीण जिना चढून गेल्या. खिडकी उघडीच राहिली, आणि रांगेतला पहिला माणूस कागद पुढे करून हताश उभा होता. काकूने त्याच्याकडे बघितलं, सरळ आत जाऊन बाईंच्या खुर्चीत बसली आणि हात पुढे केला.

“आणा इकडे,” ती म्हणाली. “फलकावर काय लिहिणार आहात?”